फ्रेमवरचा बाप्पा

'घाटवेडे' सायकल क्लबचे अध्यक्ष अप्पासाहेब घोरपडे आपली जुनी माउंटन बाईक नवशिक्या मृण्मयीच्या गळ्यात मारत होते.

"फ्रेम अस्सल ॲल्युमिनियमची. हे स्टिकर वाच," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मृण्मयीनं सायकल उचलून पाहिली, तर कंबरेत कळ आली. "काका, जड वाटते."

"चार दिवस सायकल चालवून फ्रेमची पारख येत नाही, बाळ."

"बरं. मग घेण्याआधी बाप्पाला दाखवते."

तिनं पर्समधून फ्रिजवर लावायचा चुंबकाचा गणपती काढून फ्रेमला टेकवला. तो घट्ट बसला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मृण्मयीनं हात जोडले. "तुमच्या स्टिकरला चिकटायला गोंद लागला, काका. बाप्पा आपणहून बसलाय."