डबीवरची ओळ

"मग उद्या पान्याच्या टाकीची पूजा कोन करनार?"

"तेच सांगायला आलेय, माई," सगुणाबाई म्हणाल्या. "उपाध्यक्ष रामलिंगशेठची बायको करणार म्हणे. गावात नळ मी आणले, आणि आयत्या बिळावर नागोबा ती."

"त्यो रामलिंगशेट काय म्हनला?"

"म्हणाला, 'फीत तुम्ही कापा, बाई. पण पाण्याची ओटी सवाष्णीनंच भरायची असते. माझी हरकत नाही... लोकांना चालायचं नाही.' सतरा मेंबर बसले होते. एकाचीही मान वर झाली नाही."

तुळजामाई वाती वळत होत्या. लहानपणीच नवरा गेला, तेव्हापासून नदीपलीकडच्या या मठात त्या हेच करत आल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

सगुणाबाई हिंगमिरे म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा सासरच्यांनी त्यांना चुलीपाशी बसवलं. त्यांनी तिथंच हळकुंडांना लिंबाचा रस अन् टाकणखार लावून कुंकू करायला घेतलं. आता कारखान्यात साठ बाया होत्या आणि पंचक्रोशीत दुसरं कुंकू शोधून सापडत नव्हतं. नगरपालिका झाल्यापासूनची पहिली बाई अध्यक्ष त्याच. गावातल्या एकूण एक कपाळावर त्यांचं कुंकू, आणि त्यांचं कपाळ तेवढं कोरं. हात मात्र मनगटापर्यंत लाल असायचे. त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्यांना मनस्वी चीड आली होती. त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि ती कुणाला दाखवता येत नव्हती.

"तुम्ही एक शब्द टाका, माई. तुमचं सगळं गाव ऐकतं. विधवेनं पूजा केलेली चालते, एवढं म्हणा. बाकीचं मी बघते."

माईंनी हातातली वात वळून जुडीत ठेवली.

"पिशवीत काय आनलंयस?"

मठात येताना देवीसाठी कुंकवाची नवी डबी आणायची, हा सगुणाबाईंचा जुना नेम. त्यांनी ती काढून पुढं ठेवली. लाल पत्र्याची डबी, झाकणावर देवी आणि उठावाची अक्षरं.

"मला काय वाचता येत न्हाई," माई म्हणाल्या. "काय लिवलंय?"

"'सगुणा कुंकू. शुद्ध हळदीचे.' तुम्हाला ठाऊक आहे की, माई."

माईंनी झाकणावरून अंगठा फिरवला.

"खाली अजून बारीक हाय कायतरी. बोटाला लागतंय."

"ते असंच... व्यापाराचं."

"वाच."

सगुणाबाईंचा आवाज उतरला.

"'सवाष्णींच्या हातांनी भरलेले.'"

माईंचा हात थांबला.

ती ओळ सगुणाबाईंनी स्वतः घातली होती. पहिल्याच वर्षी दोन दुकानदारांनी विधवेच्या हातचं म्हणून माल परत केला. मग ही ओळ आली आणि माल खपू लागला. तेव्हापासून कारखान्यात सवाष्णी पुढच्या दालनात डब्या भरत, कारण तिथं व्यापारी येत. विधवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चक्कीवर. कुणाला वाईट वाटत असेल, असं सगुणाबाईंच्या मनात कधी आलं नव्हतं. आलं असलं तरी त्यांनी ते राहू दिलं नव्हतं.

"धंदा होता, माई. ती ओळ नसती तर तेव्हाच कुलूप लागलं असतं. साठ घरांच्या चुली पेटतात तिच्यावर."

"पेटत्यात की... ठकू आल्ती परवा. तुझ्या चक्कीवरची. सव्वीस वरसं दळतीया. आता खोकल्यानं दळवत न्हाई. म्हनली, मला भरायला बसवा म्हनून बाईंस्नी इचारलं."

"मी तिला नाही म्हटलं नाही," सगुणाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मी म्हटलं, ठकू, माझी हरकत नाही... लोकांना..."

पुढचे शब्द तोंडातच राहिले.

सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग पाठ ताठ केली. ही बाई इतक्यात मोडणारी नव्हती.

"ओळ काढून टाकते. नवा साचा व्हायला दोन महिने लागतील, पण काढते. ठकूला सोमवारी पुढं बसवते, गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे... पण पूजा उद्या आहे, माई. आणि ती मीच करणार. रामलिंगशेठ काय, त्याचा बाप आडवा आला तरी करणार."

"कर की. मी कुठं नको म्हनली?"

माईंनी वळलेल्या वातींची जुडी उचलून सगुणाबाईंच्या लाल हातात ठेवली.

"ह्या घिऊन जा. विधवेच्या हातच्या हायत. दिव्याला काय कळत न्हाई."

सगुणाबाईंनी वाकून नमस्कार केला. त्या दारापर्यंत गेल्या, तेव्हा माईंनी ती डबी उचलली आणि खालच्या बारीक ओळीवर अंगठा ठेवून त्यांच्याकडं धरली.

"वाती झाल्या... आन् कुंकू कुठलं नेशील?"