कापसाच्या मळ्याचा पडदा

अमेरिकेच्या चित्रकलेतलं आपल्याइतकं या तालुक्यात कुणाला कळत नाही. आता तालुक्यात कुणालाच काही कळत नाही, आणि त्या कुणाच्यात आपणही आलो, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच हे बिनघोर सांगता येतं. चूक काढणार कोण?

‘यातला माणूस कुठला?’ तारळेकर गुरुजींनी विचारलं.

भूपाल मगदूम शिडीवर होता. त्यानं आधी पडद्याकडे बघितलं, मग खाली गुरुजींकडे. रिकाम्या थेटरात पहिल्या रांगेतल्या वेताच्या खुर्चीत गुरुजी पाय सोडून बसले होते.

‘माणूस म्हणजे?’

‘माणूस म्हणजे माणूस. तू आहेस, मी आहे, तसला.’

नाटक मंडळीनं गुलामांवरचं नाटक बसवलं होतं. अमेरिकेतल्या गुलामांवरचं. लिहिणारा सोलापूरच्या पलीकडे गेला नव्हता, पण दुःख असं लिहिलं होतं की तालमीत पेटीवाल्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. पेटीवाला तपकीर ओढायचा, ते सोडून द्या.

उद्या पहिला प्रयोग. मागचा मोठा पडदा भूपालनं रंगवला होता. नदी, नदीकाठी पांढऱ्या खांबांचा बंगला, आणि बंगल्यापासून खाली पार विंगेपर्यंत कापसाचा मळा.

उजवा कोपरा त्यानं कोरा सोडला होता. खाली गुरुजींच्या खुर्चीशेजारी वाटीत पिवळा रंग कालवून ठेवला होता.

या कोपऱ्याचं सांगायला हवं. गुरुजी म्हणजे पडदे रंगवणाऱ्यांतलं बडं प्रस्थ. कृष्णेच्या या काठाला नि त्या काठाला जेवढे राजवाडे, जेवढी अरण्यं नि तुरुंग नाटकांतून टांगलेले, त्या सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी अक्षरं: न. तारळेकर. खरं बोलायचं तर बरीच वर्षं गुरुजी कुंचला हातात घेत ते पाठ खाजवायला. अरण्यं भूपालची. तुरुंगही भूपालचेच. नाव तेवढं गुरुजींचं.

‘ज्या पडद्यात मला खोट सापडणार नाही, त्याच्यावर तुझं नाव घाल,’ असं गुरुजींनी कबूल केलं होतं. आता म्हाताऱ्यानं शोधायला घेतल्यावर कशात खोट सापडत नाही? देवळाच्या कळसातसुद्धा सापडेल.

पण या खेपेला भूपालला खात्री होती. म्हणून तर वाटी.

‘माणूस ना? हा बघा की,’ त्यानं बंगल्याच्या व्हरांड्यावर बोट ठेवलं. मळ्याचा मालक खुर्चीत बसला होता. कोटाची बटणं चकाकत होती, मिशीला पीळ होता, काठीच्या मुठीवर नक्षी होती. ‘याच्या एकट्या मिशीत माझी दुपार गेली, गुरुजी.’

‘दिसतेय. आणि हे खाली मळ्यात?’

‘ते गुलाम.’

‘त्यांच्यात किती गेली?’

भूपालची छाती थोडी फुगली. ‘काय जातेय? चहा निवायच्या आत सगळे झाले. काळा टिपका, त्याच्याखाली पांढरी रेघ. तुम्हीच शिकवलेला हात आहे.’

‘मी तो झाडांसाठी शिकवला होता.’

‘झाडंही तशीच काढलीत.’

‘हं...’ गुरुजी म्हणाले.

या ‘हं’ची भूपालला चीड होती. कितीतरी कोपरे या ‘हं’नं गिळले होते. तो शिडीवरून उतरला.

‘माझ्या मनचं नाही काढलेलं. पुस्तकात बघून काढलंय. मिशनच्या बाईंनी दिलेलं, खुद्द अमेरिकेतलं पुस्तक. तिकडच्या मोठमोठ्या चित्रकारांनी असंच काढलंय.’

‘आण बघू.’

पुस्तक पाटासारखं जाड होतं. गुरुजींनी ते मांडीवर घेतलं आणि चष्म्याची काच धोतराला पुसली. त्यानं काच जास्तच मळली.

पहिल्या चित्रात बंगला, नदी, आभाळ. मळ्यात टिपके. भूपाल खोटं बोलत नव्हता.

गुरुजींनी पान उलटलं. खोपटापुढं गुलाम नाचत होते. एकजण वाद्य वाजवत होता. सगळ्यांचे दात दिसत होते.

‘ह्यांना कसला आनंद झालाय रे?’

‘सण असेल.’

‘त्यांचा?’



आणखी एक पान. सोनेरी चौकटीत रेशमी झग्यातली बाई. तिच्या कोपराशी एक काळी दासी फळांचं तबक धरून उभी. बाई चित्राबाहेर बघत होती. दासी बाईकडे बघत होती.

गुरुजींनी दासीवर बोट ठेवलं. मग बोट काढलं.

शेवटाकडे एक वेगळं चित्र होतं. हातापायात साखळ्या घातलेला माणूस गुडघ्यावर बसून हात जोडत होता. भूपाल पटकन पुढे झाला. ‘हे त्यांच्या बाजूचं आहे, गुरुजी. गुलामी नको म्हणणाऱ्यांनी काढलेलं. बाईंनी मुद्दाम सांगितलं.’

‘चांगली माणसं असणार. पण हा हात कुणाला जोडतोय?’

‘देवाला.’

‘देव कुठाय चित्रात?’

भूपालनं नीट बघितलं. साखळीतला माणूस सरळ त्याच्याकडेच बघून हात जोडत होता.

‘...बघणाऱ्याला,’ तो म्हणाला.

‘म्हणजे तुला.’ गुरुजींनी पुस्तक मिटलं. ‘कुठं तुझ्यासाठी राबतायत, कुठं तुला नाचून दाखवतायत, आणि शेवटी तुझ्याच पाया पडतायत. लेका, तुझी बडदास्त मोठी आहे या पुस्तकात.’

भूपालचे कान तापले. त्याला पुस्तकाचं काही नव्हतं. त्याला कोपरा हवा होता. घरी बायकोला सांगून झालं होतं, सासऱ्याला सांगून झालं होतं. उद्याच्या प्रयोगाला सासरा पुढच्या रांगेत बसणार होता, चष्मा लावून, कोपऱ्याकडे बघत.

‘खोट काय ते सांगा, गुरुजी. नुसतं गोल गोल नको.’

‘पडद्यावर माणूस काढायचा नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’

हे मात्र खरं. धंद्याचा नियमच तो. पडद्यापुढे जिवंत नट वावरतो. त्याच्यामागे रंगवलेला माणूस असला की प्रेक्षक एकदा याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे, आणि दोघंही मेल्यासारखे दिसतात.

‘एवढंच ना?’ भूपाल म्हणाला. ‘पुसतो.’

त्यानं हिरव्या रंगात रुंद कुंचला बुडवला आणि सपासप सुरू झाला. एक टिपका गेला. दुसरा गेला. कापसाची बोंडं राहिली, वेचणारे गेले. मालकाला पुसायचं काही त्याच्या मनात आलं नाही. तुमच्याही आलं नसेल, उगाच मान हलवू नका.

विंगेजवळ शेवटची एक बाई राहिली. कमरेत वाकलेली, पाठीवर झोळी.

‘थांब,’ गुरुजी म्हणाले.

कुंचला थांबला. हिरवा थेंब जमिनीवर पडला.

‘मळ्यात कापूस फुटलाय. बंगल्याला नवा रंग दिलाय. मालक हात स्वच्छ ठेवून बसलाय... आता हा कापूस वेचतो कोण?’

भूपालनं मळ्याकडे बघितलं. मळा सुरेख दिसत होता. लग्नाच्या मांडवासारखा.

त्यानं कुंचला बादलीत आपटला.

‘ठेवले तरी चूक, पुसले तरी चूक. सरळ म्हणा ना, भूपाल, तुला नाव द्यायचं नाही. एवढ्यासाठी अमेरिका कशाला फिरवून आणलीत?’

थेटराच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती.

‘चहा सांग,’ गुरुजी म्हणाले.

चहा आला. गुरुजी बशीत ओतून फुर्र करत होते. भूपालनं कप तसाच धरून ठेवला होता. दार उघडं होतं, बाहेर उन्हाळा होता, आणि सरसात कालवलेला रंग वाळायला वेळ लागत नाही.

ज्यानं घरी कधी भिंत रंगवलीय त्याला ठाऊक आहे. ओला रंग सगळं झाकतो. वाळला की खालचं काळं वर येतं.

आधी नदीजवळचा एक आला. मग बांधावरचे दोघं. हिरव्याच्या आतून, सावलीसारखे. भूपाल चहाचा कप हातात घेऊन बघत राहिला. एकेक करून सगळा मळा परत आला. त्यानं काढले होते तेव्हा ते टिपके होते. आता ते टिपके वाटत नव्हते.

‘गुरुजी...’

‘बघतोय मी.’

‘दोन हात अजून देतो वरून.’

‘दे की. किती देशील?’

भूपाल जागचा हलला नाही. हातातल्या चहावर साय धरली होती.

गुरुजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, पडदे शिवायच्या पेटीतून दाभण काढलं आणि स्टेजवर चढले. चढताना दोनदा आईला हाक मारली.

‘दर्शनी पडद्याला भोक कशाला असतं रे?’

आता हे नाटकातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. ‘थेटर किती भरलंय ते बघायला.’

‘कोण बघतं?’

‘ज्याला पुढे यायचंय तो.’

गुरुजी शेवटच्या बाईपाशी गेले. तिच्या काळ्या टिपक्यावर त्यांनी अंगठा फिरवला. ‘हिला डोळे नाही काढलेस.’

‘एवढ्याशा टिपक्यात डोळे कुठले यायचे?’

‘मग पाडूया.’

आणि भूपालनं हात धरायच्या आत त्यांनी दाभण खुपसलं. टर्र झालं. दाभण गोल फिरवलं. नव्या कोऱ्या पडद्याला आरपार भोक. स्वतःच्याच पोटात खुपसल्यासारखा भूपालनं पोटावर हात धरला.

‘जा, पलीकडून बघ.’

‘उद्या प्रयोग आहे, गुरुजी.’

‘म्हणून तर आज म्हणतोय.’

भूपाल पडद्यामागे गेला. मागे अंधार, दोरखंडं, आणि न रंगवलेली मांजरपाटाची पाठ. मळा नाही, बंगला नाही, नदी नाही. नुसता उजेडाचा एक बारीक ठिपका. भोक खाली होतं. डोळा लावायला त्याला कमरेत वाकावं लागलं, आणि वाकल्यावर त्याला कळलं की ती बाईही एवढीच वाकलेली आहे.

गुरुजी तोवर खाली जाऊन पुन्हा वेताच्या खुर्चीत बसले होते. पाय सोडून.

‘काय दिसतंय?’ त्यांनी ओरडून विचारलं.

त्या भोकात काहीतरी ओलसर चमकलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाई बघत होती. गुरुजींनी पाय जवळ घेतले. आयुष्यभर पडद्यांपुढे बसलेला माणूस, पण पडद्यानं त्यांच्याकडे बघायची ही पहिलीच वेळ.

‘एक म्हातारा दिसतोय,’ आवाज आला. ‘खुर्चीत.’

‘केवढा?’

‘अंगठ्याएवढा.’

‘नीट बघ.’

‘बघतोय. एका टिपक्यात होईल.’

गुरुजी हसले. मनापासून, पोट हलवून. खोकला येईपर्यंत. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि खुर्चीशेजारची पिवळ्या रंगाची वाटी उचलून वर धरली.

‘ये बाहेर,’ ते म्हणाले. ‘खोट नाही. घाल तुझं नाव.’

भोकातला डोळा हलला नाही. वाटीकडे वळला नाही.

गुरुजींचा हात वर धरून भरून आला.

‘भूपाल... नाव घाल म्हणतोय ना मी.’

‘इथनं कुणाचंच नाव दिसत नाही, गुरुजी,’ पडद्यामागून आवाज आला.