वरातीची चाल

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक म्हातारी घोडी राहायची. जंगलाच्या संघातल्या चार घोड्यांना डौलदार चाल शिकवायची, हे तिचं काम. दर उन्हाळ्यात शेजारच्या जंगलाशी चालीची स्पर्धा व्हायची आणि जिंकणाऱ्या जंगलाला नदीकाठचं हिरवं कुरण मिळायचं. हरणाऱ्यांच्या नशिबी डोंगरावरचं वाळकं गवत. गेल्या वर्षी ते गवत चघळून पिल्लांच्या बरगड्या वर आल्या होत्या. त्या बरगड्या घोडीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. म्हणून ती भल्या पहाटे घोड्यांना रिंगणात आणायची आणि म्हणायची, "आधी उभं राहायला शिका. मधोमध थांबायचं, परीक्षक बगळा मान हलवेपर्यंत कानसुद्धा हलवायचा नाही. चाल त्यानंतर."

आता मुलांनो, चीड येते ती पुढचं ऐकून. जंगलाचा मंत्री होता कोल्हा. त्याने एकदा गावाच्या वेशीवर झुडपाआडून लग्नाची वरात पाहिली होती. ताशाच्या तालावर घोडा नाचला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि तेवढ्यावर या शहाण्याला वाटलं, घोड्यांतलं आपल्याला सगळं कळतं. तो रोज रिंगणाशी येऊन नाक खुपसायचा. "घोडीबाई, उभं तर झाडही राहतं. यांना जरा ठेका धरायला शिकवा."

"मंत्रीसाहेब, ही वरात नव्हे. ज्याला थांबता येत नाही, त्याला चालताही येत नाही," घोडी म्हणाली.

कोल्ह्याला ते झोंबलं. त्याने संघातला सगळ्यात शांत घोडा काढून टाकला आणि आपल्या मर्जीतलं एक खेचर आत घुसवलं. माकडांना ढोलकी देऊन रिंगणाशी बसवलं. सकाळी घोडीने शिकवायचं आणि दुपारी कोल्ह्याने ते पुसायचं, असं सुरू झालं. घोडी तक्रार घेऊन सिंहाकडे गेली. सिंह जांभई देत म्हणाला, "मंत्र्यांशी जरा जुळवून घ्या." ती मान खाली घालून परतली, पण आतून नुसती धुमसत होती.

स्पर्धेचा दिवस उजाडला. शेजारचा संघ आला, थांबला, चालला आणि गेला. मग आपला संघ आला. तिघे घोडे आणि ते खेचर मधोमध थांबले, आणि घोडीने श्वास रोखून धरला. तेवढ्यात कोल्ह्याने माकडांना खूण केली. ढोलकी वाजली मात्र, खेचराने मागचे पाय उडवले आणि घोडेही त्याच्या मागोमाग नाचू लागले. कोल्हा टाळ्या पिटत होता. एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कुरण गेलं.

सिंह गरजला, "हे कोणामुळे झालं?"

कोल्हा चटकन पुढे आला. "महाराज, शिकवणंच कच्चं. मी तर जीव तोडून मदत करत होतो."

घोडीच्या नाकपुड्या फुलल्या. "महाराज, संघ निवडला यांनी, ढोलकी आणली यांनी, आणि हरल्यावर तेवढी मी आठवले. मी जास्त बोलत नाही. मंत्रीसाहेबांनी फक्त या रिंगणात मधोमध उभं राहावं, बगळेबुवा मान हलवेपर्यंत. उभं तर झाडही राहतं."

सगळ्यांदेखत नाही म्हणता येईना. कोल्हा उभा राहिला. लगेच त्याचा कान खाजला. मग शेपूट वळवळली. मग त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सिंहाकडे पाहून हसला, पाय बदलला आणि शेवटी सरळ खालीच बसला. बगळ्याची मान हललीच नव्हती. सिंहाने शरमेने तोंड फिरवलं.

तेव्हा कुठे त्याचं लक्ष घोडीच्या मागे गेलं. तिचे तिघे घोडे एका ओळीत उभे होते, कान न हलवता. बगळ्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. पण स्पर्धा संपली होती. घोडीने त्यांना वळवलं आणि डोंगराच्या वाटेला लावलं. वर पिल्लं वाळक्या गवतात तोंड घालून उभी होती.

तात्पर्य : शिकवणाऱ्याचे हात बांधून ठेवायचे आणि शिष्य हरले की त्यालाच बोल लावायचा, हा न्याय नव्हे. मंत्र्याच्या हौसेची किंमत पिल्लांच्या पोटाला मोजावी लागते.