खालच्या घराचं धुराडं

पाहुणेहो, जरा जपून चाला. अंगणात हे जे विटांचं बुटकं धुराडं दिसतंय, ते माझ्या घराचं नाही, खालच्या घराचं आहे. आमच्या शीगौ गावात पिवळ्या मातीचा डोंगर पोखरून एकावर एक घरं केलेली आहेत, त्यामुळे खालच्याचं छप्पर तेच वरच्याचं अंगण. संध्याकाळी वरच्या घरातल्या माणसानं या धुराड्याशी वाकून "जेवलात का?" असं विचारायचं आणि मगच आपला वाडगा भरायचा, ही इथली रीत.

ती कशी पडली, ते असं सांगतात.

फार पूर्वी इथे वर ग्वेलान राहायची आणि खाली तिची धाकटी जाऊ चुनहुआ. ग्वेलानचा नवरा उंटांच्या तांड्याबरोबर गेला तो परतलाच नाही. पदरी मूलही नव्हतं. खाली मात्र पोराबाळांनी घर भरलेलं. धुराबरोबर शिजत्या बाजरीचा वास वर यायचा आणि त्यांचं हसणंही यायचं. वास तिला चालायचा, हसणं सोसवत नसे. आपण एकटीनं गारढोण खायचं आणि हिच्याकडे रोज सण, म्हणून ती जळफळायची. दुसऱ्याचं बरं ज्याला बघवत नाही, त्याला कुठला वैद्य बरा करणार?

एका कडक हिवाळ्यात तिनं धुराड्यावर जात्याची दगडी तळी सरकवली. खाली धूर कोंडला. पोरं खोकत बाहेर पळाली, आणि तान्हं तर निळं पडलं होतं, ते कसंबसं वाचलं. चुनहुआनं वर येऊन ती तळी पाहिली. भांडली नाही म्हणे. नवऱ्याला आणि मुलांना घेऊन दरीपलीकडे माहेरी निघून गेली.

ग्वेलानला हवी ती शांतता मिळाली, पण हेवा काही निवला नाही. आता तिला दरीपलीकडच्या धुराचा हेवा वाटू लागला. तो हसण्याचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या अंगणात जातोय, हे तिला सहन होईना. शेवटी तिनं तळी काढली आणि रिकाम्या धुराड्यात तोंड घालून विचारलं, "जेवलात का?" मग रोजच विचारू लागली. गाव तिला वेडी म्हणू लागलं आणि ती बातमी दरी ओलांडून गेली. बर्फ वितळल्यावर एका संध्याकाळी तिच्या तोंडावर गरम धूर आला, आणि पाठोपाठ आवाज आला, "पीठ मळतेय, जाऊबाई. खाली या."

आता गावातली बरीचशी घरं ओस आहेत. खाली माझा धाकटा भाऊ फुशेंग राहायचा. तो लेकासुनेबरोबर शीआन शहरात गेला, अठराव्या मजल्यावर. नळाला गरम पाणी येतं, असं फोनवर कौतुकानं सांगतो. वर कोण राहतं म्हणून विचारलं, तर त्याला ठाऊक नाही. त्या वरच्या माणसावर मी फार जळफळतो. माझ्या भावाच्या डोक्यावर राहतो आणि त्याला त्याचं काहीसुद्धा नाही.

आजही मी इथे वाकून विचारतो. तुम्ही फोटो काढणार असाल तर काढा. ग्वेलान दुष्ट होती असं तुम्ही म्हणाल, पण मला तिचाही हेवा वाटतो. एवढं करूनही तिची जाऊ परत आली. मी तर या धुराड्यावर कधी दगड ठेवला नव्हता.