खडस माशांची फिर्याद

दिवाणसाहेबांनी आपल्या नौकाविहारासाठी धरणाची दारं बंद केली. खाली देवाच्या डोहात नदीतले शेवटचे खडस मासे तडफडू लागले. पाणी मागायला गेलेला दीर अजून कोठडीतच होता, तरी चिमा भोईण दरबारात पेंगणाऱ्या महाराजांसमोर उभी राहिली.

दिवाण हसले. "काय गं, ज्याचं दुःख त्यानंच इथं येऊन सांगावं, हा नियम ठाऊक नाही? कुठं आहेत तुझे मासे?"

चिमानं हात जोडले. "निघालेत सरकार, पण वाटेत पाणीच ठेवलं नाही. फिर्यादीची वाट अडवणाऱ्याला महाराज हत्तीच्या पायी देतात म्हणे?"

महाराजांनी डोळे उघडून दिवाणांकडे पाहिलं.

"दारं उघडा!" दिवाण किंचाळले. "फिर्यादी खोळंबलेत!"