तारेखालचा दोरा

“मग खाँसाहेब, आता तुमच्याकडं मी शिकायचं तरी काय?”

उन्मेषनं विचारलं आणि मोबाइल खलीलखाँसाहेबांच्या पुढ्यात ठेवला. मिरजेच्या या म्हाताऱ्या गवयाकडे तो कैक वर्षं गाणं शिकत होता. गळा तयार, आणि तोरा त्याहून तयार. आज तो निरोप घ्यायलाच आला होता.

“कुठल्याही रागाचं विचारा, यातला एआय पळभरात सांगतो. तुम्ही नुसतं ‘नंतर’ म्हणता.”

“आणि सूर?”

“त्याला हा आहे ना.” उन्मेषनं तानपुऱ्याला सूर तपासणारा चिमट्याएवढा ट्यूनर लावला, तारा जुळवल्या. चारींना हिरवा दिवा. “बघा! हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

खाँसाहेबांनी पहिली तार छेडली.

“लागलीय खरी... पण मुकी आहे.”

उन्मेषला ते झोंबलं. त्यानं तडक मोबाइललाच विचारलं. उत्तर हजर: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर केसभर सरकवा. नाद खुलला की थांबा.

“वा!” म्हातारा मनापासून खूश झाला. “माझे वालिद हेच सांगायचे. शहाणं आहे हो तुझं हे पोर.”

उन्मेषनं दोरा सारला, तार छेडली, ट्यूनरकडे पाहिलं. हिरवा. आणखी सारला. तरी हिरवाच.

“आता खुलला का?” त्यानं मोबाइलला विचारलं.

“तुम्हाला कसा ऐकू येतोय?” मोबाइलनं उलट विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न उन्मेषनं स्वतःला कधी घातलाच नव्हता. त्याला लाज वाटली.

खाँसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानंही मिटले.

दोरा सरकत राहिला. मुकी... मुकी... जराशी घोगरी... आणि एकाएकी तार भुंग्यासारखी घुमली. सगळी खोली भरून गेली. उन्मेषच्या अंगावर काटा आला, हात आपसूक थांबला.

“का रे थांबलास?”

“माहीत नाही... पण इथंच.”

निरोपाचं काही त्याच्या तोंडून निघेना. ओशाळून तो मोबाइल खिशात कोंबू लागला, तेव्हा खाँसाहेबांनी त्याचा हात धरला.

“राहू दे की समोर. तोही शिकायलाच आलाय, बेटा... हं, लाव सा.”