जस्ताची गोळी

डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं एक गाव होतं आणि त्या गावात बिराजी नावाचा माणूस घोंगड्या विणायचा. हात मोठा कसबी, पण मन भित्रं. कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात खोकल्याची साथ आली आणि त्याची थोरली लेक चार दिवसांत गेली. आता उरली होती धाकटी, आठ वर्षांची झुंबर. ती नुसती शिंकली तरी बिराजीचा माग थांबायचा.

झुंबर अंगानं किडकिडीत. भाकरी आणि चटणी, याशिवाय तिच्या पोटात काही जात नसे. महिन्याआड सर्दी, महिन्याआड जुलाब. बायकोनं, हौसाबाईनं, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बिराजीही मागोमाग गेला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं. म्हणाल्या, "हिच्या अंगात जस्त कमी पडतंय."

"जस्त?" बिराजी चक्रावला. "म्हंजे पत्र्याला लावत्यात ते?"

"तेच. पण शरीराला लागतं ते अगदी कणभर. रोगाशी लढणारी जी फौज आपल्या अंगात असते, तिला ते लागतंच. रोज एक गोळी द्या, चौदा दिवस. आणि जेवणात डाळ, हरभरे, तीळ, जमलं तर अंडं. पुढं गोळीची गरज पडायची नाही."

पाच-सहा दिवस सगळं सांगितल्यासारखं चाललं. मग वरच्या वाडीत खोकला सुरू झाला. दोन दिवसांत तो खालच्या आळीत उतरला. शेजारची पोरं तापानं फणफणली. बिराजीनं मागाचा धोटा हातात घ्यावा आणि भिंतीपलीकडची खोकल्याची ढास ऐकत बसावं, असं व्हायला लागलं.

त्यानं मनाशी हिशेब मांडला. एका गोळीनं फौज उभी राहते, तर चार गोळ्यांनी किती राहील! तालुक्याला जाऊन त्यानं आणखी दोन पाकिटं आणली आणि लोकरीच्या ढिगात लपवली. हौसाबाई शेळ्या घेऊन गेली की तो झुंबरला हाक मारायचा.

"आबा, तोंड कसंतरीच हुतंय," पोरगी म्हणायची.

"गिळ बाळा. आयला सांगू नगंस."

तिसऱ्या दिवशी झुंबर ओकली. ताटावरून उठून गेली. चौथ्या दिवशी पोट धरून पडून राहिली. बिराजीला वाटलं, साथीनं गाठलंच पोरीला! त्यानं गोळ्या आणखी वाढवल्या. त्याही उलटून पडल्या. पोरीचे डोळे खोल गेले, हाक मारली तरी ओ देईना. हौसाबाईनं तिला पाठुंगळी घेतलं आणि दवाखाना गाठला; बिराजीही मागोमाग धावला.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातच एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. जिल्ह्याला नेणारी गाडी एकच, तिच्यात खाट एक आणि प्राणवायूचं नळकांडंही एकच.

डॉक्टरीणबाईंनी झुंबरचे डोळे पाहिले, पोट चाचपलं. "ताप नाही, खोकला नाही, आणि पोर अशी गळलेली? दुसरं काही गंभीर असेल तर उशीर करून चालायचं नाही." त्यांनी दाराकडं पाहिलं, मग झुंबरकडं पाहिलं. "आधी कुणाला पाठवू? बिराजी, हिला काय काय दिलंत?"

खरं सांगावं, तर बायको जन्मभर तोंड बघायची नाही. गप्प राहावं, तर आपली पोर गाडीतून मोठ्या दवाखान्यात जाईल. त्याला तेच हवं होतं. तेवढ्यात ते तान्हं मूल कण्हलं.

"बाई, गाडी त्या लेकराला द्या," तो कसाबसा बोलला. "मीच... गोळ्या दिल्या हिला. रोज चार. कालपासनं सहा."

हौसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग पोरीला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. गाडी तान्ह्या मुलाला घेऊन निघाली.

डॉक्टरीणबाईंनी झुंबरच्या हाताला सलाईन लावलं. मग बिराजीला म्हणाल्या, "गोळी म्हणजे कुंपण नव्हे. ती साथ अडवत नाही, अंगातली उणीव तेवढी भरते. अति झाली की पोट उलटतं, अन्न जात नाही. महिनोन्‌महिने चालली असती तर अंगातलं तांबं घटलं असतं, आणि ज्या फौजेसाठी तुम्ही धडपडलात तीच खचली असती."

गोळ्या बंद झाल्या. दोन दिवसांत झुंबरनं डाळीचं पाणी मागितलं. हौसाबाई मात्र नवऱ्याशी आठवडाभर बोलली नाही.

पुढं महिन्यानं झुंबरला साथीचा खोकला झालाच. तीन दिवस ताप होता. बिराजी उशाशी बसून राहिला. मनात वाईट तेवढंच येत होतं आणि हात काहीतरी करायला शिवशिवत होते. पण सांगितलं होतं तेवढंच त्यानं दिलं, आणि तासातासाला तिचा श्वास बघितला. चौथ्या दिवशी सकाळी कपाळ गार लागलं. झुंबर उठून बसली, म्हणाली, "आबा, भूक लागलीया."

हौसाबाईनं दोन ताटल्या वाढल्या. एक लेकीपुढं ठेवली, दुसरी त्याच्यापुढं सरकवली.

तात्पर्य: मायेला भीतीनं घेरलं की औषधाचंही विष होतं; औषध गरजेपुरतंच द्यावं, आणि चूक झाली तर ती वेळेवर कबूल करावी.